घोटावड्याचे धोंडू, दगडू आणि आमचे व्याही

माघ वद्य पंचमी, शके १८४७. घोटावडे, चावडी. हजर: कचेरीतून आलेले तपासनीस; गावचे नवे पाटील; त्यांचे वडील, म्हणजे जुने पाटील; सुईण बायजामावशी, उंबऱ्याच्या बाहेर; गावातले कर्ते पुरुष; माझे व्याही, पौडहून, न बोलावता; आणि हजेरी लिहायला मी, केरबा, कासार आंबोली.

'न बोलावता' हे मी शिस्त म्हणून लिहिले, पण ते खरे नाही. जगात जिथे कुठे माणसे मोजली जात असतील तिथे आपल्याला आमंत्रण आहेच, अशी आमच्या व्याह्यांची पक्की समजूत आहे. उद्या यमाने दारात खानेसुमारी मांडली तर हा एकच माणूस हसतमुखाने पुढे होऊन विचारील, "मेलेले राहू द्या, जन्मलेल्यांचा आकडा कुठे आहे?" नोकरीत असताना ते देवी टोचायचे. मुळशीच्या खोऱ्यात त्यांचा कोट लांबून दिसला की पोरे कणगीमागे दडत. टोचून झाले की रडणाऱ्या पोराच्या हातावर ते गुळाचा खडा ठेवीत आणि आईला एकच प्रश्न विचारीत, "याच्या आधीचं कुठंय?" पुढे पेन्शन झाली, सुई गेली, प्रश्न राहिला. आपल्या आजोबांच्या वेळी पाच वर्षांच्या आत किती पोरे जात होती आणि आता किती जातात, हे एकदा नीट ताडून पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा. लोक काशीला जायची इच्छा धरतात, तशी यांची ही.

माझ्या लेकीला, सगुणेला, पाहायला आले तेव्हाची गोष्ट. मी सवयीप्रमाणे यादी करून बसलो होतो: पोहे, पानसुपारी, कूळ, मानपान. व्याह्यांनी त्यातले एक कलम ऐकले नाही. बशी बाजूला सारून म्हणाले, "तुमच्या आईंना मुलं किती झाली?"

"दोन. मी आणि बहीण."

"उरली किती ते नाही विचारलं. झाली किती?"

हे मला माहीत नव्हते. विचारून सांगतो म्हणालो आणि कलम लिहून घेतले. सोयरीक जुळली, लग्न झाले. त्यानंतर भेटले की त्यांचे पहिले वाक्य, "विचारलंत?" आणि माझे दुसरे, "यादीत आहे."

नुसता मेलेल्यांचा आकडा त्यांना चालत नाही. माझ्या कोंबडीची पिल्ले मुंगसाने नेली तेव्हा मी त्यांच्यापाशी हळहळलो. ते म्हणाले, "अंडी किती उबवली होती? आणि गेल्या साली किती?" मी सांगितले. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि आनंदाने म्हणाले, "मग व्याहीबुवा, मुंगूस सुधारतंय!" लग्नाच्या पंगतीत पोरे ओळीने बसली की यांचे लक्ष पानाकडे नसते. "हा आठाचा, ही तिनाची. मध्ये कोणीतरी होतं." विहीणबाई शेजारून चिमटा काढतात. त्यांचा कागदावर विश्वास नाही. कोटाच्या उजव्या खिशात पावटे, म्हणजे जगलेली. डाव्यात हुलगे, म्हणजे गेलेली. एका गावाची दोन्ही धान्ये मोजून झाली की खिसे रिकामे करायचे आणि पुढच्या गावी निघायचे. एकदा कोट धुवायला काढताना विहीणबाईंनी दोन्ही खिसे पातेल्यात पालथे केले. रात्री जेवताना व्याही दोन घासांनंतर थांबले.

"हे भुकूम होतं," ते म्हणाले.

"मीठ कमी पडलंय का?"

"नाही. गाव चांगलं शिजलंय." आणि दुसऱ्या दिवशी भुकूमला जाऊन पुन्हा घरोघर विचारून आले.

तर त्या दिवशीची चावडी. सातआठ वर्षांमागे मानमोडीच्या तापाच्या साथीत घोटावड्याची जुनी सुईण गेली आणि बायजामावशी तिच्या जागी आली. त्याच सुमाराला जुन्या पाटलांनी जन्ममृत्यूची वही मुलाच्या हाती दिली. वर कचेरीत दोन्ही काळांचे आकडे शेजारी ठेवल्यावर दिसले ते असे, की आधी घोटावड्यात लहान पोरे फारशी जात नव्हती आणि आता एकदम जाऊ लागली आहेत. तपासनीस तरुण, सभ्य, पुण्याचे. त्यांनी पाटलाकडे पाहिले, सुईणीकडे पाहिले आणि बायजामावशीने यापुढे बाळंतपणे करू नयेत, असा हुकूम काढायला आले.

मावशीने उंबऱ्याबाहेरून हात पुढे केले. "माजं हात बगा, कातर बगा सायेब. गेली ती लेकरं मला बी दिसत्यात. पर मी मारली म्हनू नगा."

माझा जीव टांगणीला होता. सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. माझ्या यादीत डिंक, खारीक, गोवऱ्या, जुनी लुगडी, सगळ्यांपुढे खुणा झाल्या होत्या. पहिलेच कलम, 'बायजामावशीला बोलावणे', तेवढे हुकमावर लटकले होते. आणि आमच्या बाजूला दुसरी जाणती सुईण नव्हती.

तेवढ्यात व्याही उठले आणि जुन्या पाटलांपुढे जाऊन बसले. "आबा, पोर बारशाआधी गेलं तर वहीत काय लिवायचात?"

"काय न्हाई."

"का?"

"नाव कुटं हुतं त्याला? जनमल्याचं आमी बारशाला लिवायचो. जे जनमलंच न्हाई लिवलं, ते मेलं कसं लिवू?"

नवे पाटील म्हणाले, "आबा, मी जनमल्या दिशीच लिवतो. नाव मागनं."

"म्हनून तर गावाचं नाव घालिवलंस!"

चावडी हसली. तपासनीसही हसले, पण लगेच सावरून म्हणाले, "असेल तसं. पण जे लिहिलंच नाही ते मोजणार कसं?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून आमचे व्याही जन्मभर थांबले होते. त्यांनी कोट सारखा केला आणि चावडीकडे वळून हाक दिली, "धोंडू, दगडू, केरू, भिकू, नथू. ह्यातलं नाव असेल त्यानं उभं राहावं!"

पागोटी एकामागून एक वर येऊ लागली. पिकल्या मिशांची तर जवळजवळ सगळी रांग उठली. काय चालले आहे ते तपासनीसांना कळेना.

"साहेब," व्याही म्हणाले, "पाठोपाठ पोरं गेली की पुढच्याला आई बरं नाव ठेवत नाही. धोंडा म्हणते, केर म्हणते. सुपात घालून उकिरड्यावर ठेवते आणि टाकलेलं म्हणून उचलते. कोणाची नजर जाऊ नये ह्याच्यावर. हा एकेक उभा माणूस म्हणजे मागं निदान एक न लिहिलेलं पोर. आबांच्या वहीत ही पोरं जात नव्हती म्हणता, मग एवढे धोंडे आले कुठून?"

मग ते माझ्याकडे वळले. "व्याहीबुवा, तुम्ही का बसलात?"

"मी लिहितोय."

"लिहिणाऱ्याचं नाव काय?"

मी लेखणी ठेवली आणि उभा राहिलो. हजेरीवर, पावतीवर, शाळेच्या कागदावर, उभ्या जन्मात केरबा हे नाव मी हजारदा लिहिले असेल. ते कोणी, कशासाठी ठेवले असेल, हे एकदाही मनात आले नव्हते.

बाहेर खेळणाऱ्या पोरांची नावे विचारली. त्यांत एकच दगडू निघाला. म्हणजे आता पोरे कमी जातात, अशा विजयाने व्याही तपासनीसांकडे पाहू लागले, तर तपासनीस म्हणाले, "पण आता शाळेत पोरं हसतात म्हणूनही कोणी दगडू ठेवत नसेल. नावाची रीत बदलली, एवढंच कशावरून नाही?"

व्याह्यांनी साहेबांचा हातच धरला. "वा! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! अगदी खरं! म्हणजे ह्या पोरांचा मला काही उपयोग नाही!"

"अवो देवी डाक्टर," बायजामावशी ओरडली, "तुमी हायसा तरी कुनाच्या बाजूचं?"

शेवटी साहेबांनी असे ठरवले. नावावरून पोरे आधीही जात होती एवढे दिसते, किती ते कळत नाही. तेव्हा घोटावडे आणि शेजारच्या गावांतल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला विचारावे, झाली किती आणि पाच वर्षांच्या आत गेली किती. ती यादी पुरी होऊन हाती येईपर्यंत मावशीचे काम चालू. फक्त कातर उकळून घ्यायची. यादी कोणी करायची, यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

फाल्गुनात सगुणेला मुलगी झाली, बायजामावशीच्या हातून. व्याही पौडहून आले, नातीचे तोंड पाहण्याआधी त्यांनी एक पावटा उजव्या खिशात टाकला आणि विहीणबाईंकडून त्या खिशाचे तोंड दोऱ्याने शिवून घेतले. तेव्हापासून त्या कोटाला एकच खिसा आहे, आणि पावटे-हुलगे दोन्ही डाव्यातच निवडत बसावे लागते.

यादीला मी आणि माझे कुटुंब घरोघर गेलो. एक धनगरीण म्हातारी आधी भडकली. "मेंढरं मोजाय आलाय का पोरं?" मग बोटे मुडपू लागली. एका बोटावर थांबली. "ह्याला नाव न्हवतं," ती म्हणाली, "पर हसायचं."

घोटावडे झाले. कासार आंबोलीही झाली, एक घर सोडून. परवा ठरवून ओसरीवर गेलो. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी समोर बसलो.

"काय रं केरबा?"

"काही नाही. तांदूळ कुठला?"

"आंबेमोहर. घरचाच. इसरलास व्हय?"

सूप वरखाली होत राहिले. दाणे सुपात राहत होते, कोंडा उडून जात होता. मी जरा वेळ बसलो आणि उठलो.

व्याह्यांना सांगितले तेव्हा या वेळी 'विचारलंत?' म्हणाले नाहीत. पुष्कळ वेळ शिवलेला खिसा चाचपत राहिले आणि मग म्हणाले, "घाई करू नका. यादी पुरी झाली नाही तोवर बायजेचं काम चालू आहे."

कासार आंबोली. सगळी घरे झाली. राहिलेले: एक, आमचे.