यतीनचा नंबर

माझा धाकटा भाऊ यतीन फेब्रुवारीच्या दहा तारखेला हार्ट अटॅकने गेला, आणि वीस तारखेला त्याचा फोन सकाळपासून वाजायला लागला. घरात अकरावा चालू होता. गुरुजी मंत्र म्हणताहेत आणि कोपऱ्यात मोबाइलची टिंग टिंग थांबत नाही. मी बंद करायला उठले, तर माझी भावजय यशोधरा म्हणाली, "नका ताई. लोकांचं काम अडेल."

यतीन आमच्या शहरातल्या परदेशीपुरा भागातल्या लहान दुकानदारांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचा. बेचाळीस फाइली होत्या. टॅक्सच्या साइटवर प्रत्येकाच्या खात्याला नंबर मात्र यतीनचाच. दुकानदाराला ऐन गर्दीत फोन करून ओटीपी मागा, तो वैतागणार, त्यापेक्षा आपलाच नंबर टाकलेला बरा, असा हिशेब. त्यामुळे तो गेल्यावर लोक दर महिन्याचं वीस तारखेचं रिटर्न भरायला दुसऱ्या कोणाकडे धावले, तरी ओटीपी यायचा तो गेलेल्या माणसाच्या फोनवर. "भाभीजी, ओटीपी आया क्या?" असं विचारायचे, आणि यशोधरा सहा आकडे वाचून दाखवायची. सुतकातच तिची नोकरी सुरू झाली म्हणा ना.

आवाज अगदी सपाट. एकदाही रडली नाही. मी रोज जाऊन दोघींच्या वाटचं रडून यायचे आणि घरी आल्यावर मला तिचा राग यायचा. माणूस गेलंय की लाइट गेलीय, असं वाटावं इतकी ती गप्प.

यतीनचा मित्र मनीष सीए आहे, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये त्याचं ऑफिस. महिन्याभराने तो आला. "वहिनी, टेंशन नका घेऊ. फाइली आणि सिम, दोन्ही मला देऊन टाका. मी बरोबर रक्कम देतो." मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. यशोधरा बॉटनीत एम.एस्सी. शहराबाहेर राऊच्या एका शाळेत शिकवायची, ती शाळा बंद पडल्यापासून घरी. हिला हे काय झेपणार?

ती म्हणाली, "सिम नाही देणार. मला शिकव."

"वहिनी, डेबिट-क्रेडिट तरी माहीत आहे का?"

"नाही."

मनीषने माझ्याकडे पाहिलं. मी खूप समजावलं. पुढे एखाद्या महिन्याच्या वीस तारखेला काही चुकलं तर दंड दुकानदाराला बसतो, मग कोण टिकेल तुझ्याकडे? त्या फाइली सोडून घरात येणारं दुसरं काही नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि सकाळी मनीषच्या ऑफिसात जाऊन बसायची.

पहिलंच काम वासुदेवजींच्या होजिअरी दुकानाचं. बँकेच्या कागदावर जमा रकमेपुढे क्रेडिट लिहिलेलं असतं, म्हणून हिने वहीतही क्रेडिटच धरलं. आपल्या वहीत ते उलटं असतं म्हणे. वर्षभराचं उलटं लिहिल्यावर वासुदेवजी, ज्यांनी नुकतीच मुलाला गाडी घेऊन दिली होती, ते पार दिवाळखोर निघाले. मनीष पोट धरून हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. यशोधराने सगळं पुसलं आणि तीन दिवस बसून पुन्हा लिहिलं. मग म्हणाली, "बँक तिच्या बाजूने लिहिते, आपण आपल्या बाजूने. एवढंच आहे." हसली नाही, ओशाळलीही नाही.

तेरा दुकानदार सोडून गेले. एकोणतीस राहिले. जूनपर्यंत ती न विचारता रिटर्न भरायला लागली. मनीषनेच तिला टोकलं, "पहिले सगळ्यांचे नंबर बदला. किसी दिन सिम बिघडली तर सगळंच अटकेल." तेव्हापासून ती रोज एक-दोन खात्यांवरचा यतीनचा नंबर काढून आपला टाकू लागली.

एका वीस तारखेला मी गेले आणि त्याचा फोन एकदाही वाजला नाही. मला राहवलं नाही. "पुसून काढतेयस त्याला," म्हटलं. कीबोर्ड वाजत राहिला.

जुलैच्या शेवटी एकच रिटर्न उरलं, यतीनचं स्वतःचं. एप्रिल ते दहा फेब्रुवारी. गेलेल्या माणसाचं रिटर्न वारसाने भरायचं असतं. मी शेजारी बसले होते. तिने मृत्यूचा दाखला अपलोड केला होता, नात्याच्या रकान्यात पत्नी निवडलं होतं. रिटर्न गेलं. ते पक्कं करायला ओटीपी आला, तिच्याच फोनवर. सवयीने तिने सहा आकडे मोठ्याने वाचले. ऐकायला मी सोडून कोणी नव्हतं.

"दगड आहेस का गं तू?" माझ्या तोंडून गेलं.

तिने चष्मा काढला. "ताई, लोक विचारायचे आणि मी यांचा फोन बघायचे, तर त्यावर काहीतरी आलेलं असायचं. रोज. यांना कामं येताहेत, असं वाटायचं. तेवढ्यावर दिवस निघायचा. फाइली दिल्या असत्या तर तेही थांबलं असतं, म्हणून शिकले." चष्मा पुसत म्हणाली, "आणि शिकले तशी कामं माझ्या फोनवर आली. यांचा मीच बंद पाडला. हे आधी कळलं असतं तर कदाचित शिकले नसते."

एवढं सलग ती फेब्रुवारीपासून बोलली नव्हती. सहा महिने मी तिच्या घरी रडायला जात होते, आणि तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"यांच्या नंबरचा रिचार्ज उद्या संपतोय," ती म्हणाली. "आता भरायला काही कारण नाही."

"बरं," मी म्हटलं.

जिना उतरून खाली आले, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि यतीनचा नंबर सांगितला. दुकानदाराने विचारलं, "मैडम, एक महिने का कि साल भर का?" मी म्हटलं, "साल भर का."