जोडीवाल्या सरांची वही

जोडीवाले सर माणसाला नावाने कमी आणि त्याच्या चुकीने जास्त ओळखत. वीस वर्षांनी बाजारात एखादा जुना विद्यार्थी भेटला की विचारत, "अबे, तू तं 'वेट टू' वाला ना?" आणि तो बाप्या बायकोपोरांसमोर लाजून हसायचा.

पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. कुठल्या क्रियापदामागे कुठलं प्रिपोझिशन येतं, यालाच ते जोडी म्हणत. "नियम इचारू नका बे. कोन कोनासंगं नांदते, तेवढं पाहून ठेवा."

त्यांची एक जाड वही होती. जो चुकेल त्याचं वाक्य दुरुस्त होऊन, त्याच्याच नावाने, वहीत जायचं. 'सलीम वेट्स फॉर द नांदुरा बस.' 'मंगला लाफ्स ॲट द हेडमास्तर.' वहीत नाव लागलं की आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटे. मी एकदा 'डिपेंड द रेन' लिहिलं. सरांनी वही पुढे केली. "काऊन बे गजानन, डिपेंडले एकटं काऊन सोडलं?" मग स्वतःच लिहिलं, 'यू कॅन डिपेंड ऑन गजानन.'

निवृत्त झाल्यावर ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी तेव्हा खामगावला एका खाजगी क्लासमध्ये शिकवत होतो. "टाइप करून दे. छापू एखाद्या वर्षी. फक्त पोरायची नावं राहू दे. त्यायले आपापली जोडी सापडली पायजे."

मी ती टाइप केली आणि क्लासच्या मालकाला दिली. त्याने मागितली नव्हती. मला बारावीची बॅच हवी होती, ती मिळाली. पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर मालकाचा फोटो. सलीमचा जॉन झाला, नांदुऱ्याची बस लंडनची ट्रेन झाली. हे बदल माझ्याच हाताने केले, हे लिहिताना आजही स्वतःची किळस येते.

सरांना ते पुस्तक बसस्टँडवर दिसलं. भांडायला ते आले नाहीत. त्यांनी विकत घेतलेली प्रत कुणाच्या तरी हाती मला पाठवली. आत पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि पहिल्या पानावर तीन ओळी: 'छपाईच्या अकरा चुका आहेत. पुढच्या वेळी दुरुस्त कर. पोरं चुकीचं शिकतील.'

मालकाला दाखवलं तर म्हणाला, "आधीचा साठा तं संपू दे, मंग पाहू." साठा संपायच्या आत सर गेले. त्या अकरा चुकांसकट तेच पुस्तक मी अजून शिकवतो.

त्या प्रतीतलं एक पान मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. 'यू कॅन डिपेंड ऑन पीटर.' पीटर खोडून सरांनी माझं नाव लिहायला हवं होतं, शेजारी एखादी शिवी तरी द्यायला हवी होती. तिथे पेन्सिल लागलेलीच नाही. जोडी बरोबर होती, म्हणून सरांनी ते वाक्य तसंच ठेवलं.