बॅगेतला शर्ट
डांबरगोळ्यांचा वास आला, की मला कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका आठवतो. त्या उन्हाळ्यात निवडणूक लागली होती आणि शाळेला सुट्टी पडताच आम्हा मास्तरांना नाक्यावर गाड्या तपासायची ड्यूटी लागली. डोक्यावर तापलेला पत्रा, नाकात डिझेलचा धूर आणि घामाने अंगाला चिकटलेलं जाकीट. त्याच आठवड्यात कोल्हापुरात मेव्हण्याचं लग्न होतं आणि माझा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. एका दुपारी बेळगावहून आलेल्या एसटीत मी चढलो, तर तिसऱ्या सीटवर बायको आणि मुलगी. प्रत्येक बॅग कॅमेऱ्यासमोर उघडायची, असा नियम होता. सोबतचा पोलीस म्हणाला, "सर, सोडा की. घरचीच हाईत." पण कॅमेरा सुरू होता. मी आमचीच बॅग उघडली. वर डांबरगोळ्यांच्या वासाचा बायकोचा शालू आणि त्याखाली माझा नवा शर्ट, टाचण्यांसकट. "मला रजा काय मिळत न्हाय, ठाऊक हाय न्हवं तुला?" मी हळूच विचारलं. "ठाऊक हाय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तरी असू दे." मी शर्टाची घडी सारखी केली, चेन ओढली आणि कॅमेऱ्याकडे बघून रोजचं वाक्य म्हणालो, "आक्षेपार्ह काही नाही." एसटी महाराष्ट्रात गेली. मी मागची जीप थांबवली. यंदा सुट्टीत जनगणनेच्या ड्यूटीची ऑर्डर आली आहे. परवा कपाट आवरताना तो शर्ट निघाला, टाचण्या अजून तशाच. कुणाला तरी देऊन टाकू, मी म्हणालो. बायको म्हणाली, "असू दे."