नऊ वर्षांचं सॉफ्टवेअर आणि अण्णांची पारख

“नऊ वर्षं? ताई, मंग बदलाया पायजे की आता!” चेअरमन अण्णा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

कोल्हारजवळच्या एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. कुणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, सगळं त्यात नोंदवलं जातं. त्या सकाळी नव्या कराराची मीटिंग होती. शिर्डीचा एक नवा कंपनीवाला आधीच डेमो देऊन गेला होता. म्हणून मी पहिल्या पानावर बॅज लावला. बॅज म्हणजे कोपऱ्यातली छोटी रंगीत पट्टी. सुरुवातीची तारीख धरून ती प्रोजेक्टचं वय आपोआप दाखवते. हिरव्यागार पट्टीवर ‘वय : ९ वर्षे’. एवढी वर्षं बिनतक्रार चाललंय म्हटल्यावर कमिटी खूश होईल, असा माझा हिशोब. कसलं काय!

कमिटीतले सगळे जन्मभर गायी घेणारे-विकणारे. वय म्हटलं की यांना दात बघायची सवय.

“नऊ म्हंजे गायीचं सहावं-सातवं वेत, सहा-सातदा व्यालेली,” अण्णा म्हणाले. “आता दुधाला उतारच. शिर्डीवाल्याची कालवड हाय.”

“अहो अण्णा, सॉफ्टवेअर म्हातारं होत नाही!”

“बाजारात समदे असंच म्हनत्यात.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे काम गेलं असतं तर नगरचं माझं दोन खोल्यांचं ऑफिस बंदच करावं लागलं असतं.

“पाच मिनिटं द्या,” मी म्हणाले आणि लॅपटॉप ओढला. बॅजला सुरुवातीऐवजी शेवटच्या अपडेटची तारीख दिली. पान पुन्हा उघडलं. हा बदलही अपडेटच, त्यामुळे आता पट्टीवर होतं, ‘शेवटचा बदल : आज’.

अण्णांनी चष्मा पुसून वाचलं.

“आज? आवं, म्हंजे ताजी व्यालेली! हे आदी सांगायचं न्हाई व्हय? न व्यालेली कालवड दूध किती देनार, कुनी बघितलंय!”

करार तिथल्या तिथे झाला. मी मात्र कायमची अडकले. बॅजवर आठ दिवस दिसले की अण्णांचा फोन ठरलेला. “ताई, आटली का काय?” मग मी एखाद्या बटणाचा रंग बदलते, पट्टीवर ‘आज’ येतं आणि अण्णा निवांत होतात. मागच्या आठवड्यात लाल बटण काळं केलं, तर विचारतात, “जात बदलली का?”

तेव्हा क्लायंटला वय दाखवण्याआधी त्याच्या गोठ्यात काय बांधलंय, ते बघून घ्यावं.