गावपळणीत मागे राहिलेली कोंबडी

चुलीवर पाणी ओतल्याचा वास आला की आमची गावपळण आठवते. घाटाखालच्या आमच्या गावात देवाच्या हुकमाने चुली विझवून तीन दिवस माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर झोपड्यांत राहायचं. गावात एकही जीव उरता कामा नये. त्या वर्षी झोपडीत पोचल्यावर आईने माझा हात घट्ट धरला. "अंड्यांर बसलली कोंबडी घराकच रवली गो. कोणाक सांगा नको." चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला नाही. "कायतरी चुकला आसा," मानकरी म्हणाले. आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. पाचव्या दिवशी कौल मिळाला. घरी पोचलो तर कोंबडीखाली नुकतीच फुटलेली अंडी नि ओली पिल्लं. देव कुणासाठी एक दिवस थांबला, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आता मला एकटीलाच.