बायोसचं कुलूप आणि माझं तोंड

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईकच आणून टाकतात आणि परत न्यायचे विसरतात. राजापेठेत रफिकभाईचं आणि माझं दुकान होतं. तो हातानं काम करायचा, मी तोंडानं. हे किस्से सांगताना मी कायम गिऱ्हाइकाचं हसं केलं. खरं म्हणजे ते माझं व्हायला पाहिजे होतं.

बरेचसे किस्से बायोस पासवर्डचे. विंडोज सुरू व्हायच्याही आधी, काळ्या स्क्रीनवर मशीन मागतं तो. तो विसरला की मशीन म्हणजे पोळपाट.

भातकुलीचे एक गुरुजी आले. पोरांनी हात लावू नये म्हणून पासवर्ड टाकला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विसरले.

"कुठं लिहून नाही ठेवला काय?"

"ठेवला ना. लॅपटॉपमंदीच ठेवला."

मी त्यांच्या तोंडावर हसलो, शेजारच्या दुकानदारालाही बोलावून ऐकवलं. लॅपटॉप सुरू झाला, पण गुरुजी पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

एक रिटायर्ड क्लार्क बायकोला घेऊन आले. मुलांची नावं, देवाची नावं, सगळं टाकून झालं होतं.

काकू म्हणाल्या, "माहं नाव टाकलं काय?"

"टाकलं. नाही होत."

"तुमी लिहिता तसं टाका. लग्नाच्या पत्रिकेत चुकवलं होतं तसं."

पहिल्याच फटक्यात उघडला. काका बराच वेळ कीबोर्डकडेच पाहत होते.

आता माझा. बडनेऱ्याच्या एका मुलीनं पंखा साफ करायला लॅपटॉप दिला होता. काम झाल्यावर मी उगाच सेटिंगमध्ये बोटं घातली, पासवर्ड टाकला आणि विसरलो. ती आली तेव्हा म्हणालो, "पार्ट नागपूरहून येऊन राहिला." चार दिवस पार्ट येतच होता. तिची परीक्षा तोंडावर आलेली. पाचव्या दिवशी रफिकभाईनं माझ्यादेखत सांगितलं, "ताई, पार्ट-बिर्ट काही नाही. यानं लॉक टाकलं अन् इसरला. संध्याकाळपर्यंत चिप काढून करून देतो."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग तसं सांगाचं ना दादा. मी बी इसरते."

त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि एक त्या गारपिटीच्या साली घडलेला. हरभरा, गहू, संत्री, सगळं झोपलं होतं. अकोटकडचे एक कृषी सहायक दुपारी आले. अकोल्यात दोन दुकानांनी नाही म्हटलं होतं. नुकसानीची यादी आणि फोटो लॅपटॉपमध्ये, बायोस लॉक, आणि यादी संध्याकाळपर्यंत तहसीलला मेल करायची होती. सोबत गावातले दोघे शेतकरी. त्यातला वयस्कर एकुलत्या खुर्चीवर बसला, दुसरा दारात उभा राहिला.

मी म्हणालो, "दोन दिवस लागतील."

दारातल्यानं विचारलं, "भाऊ, खरंच लॉक हाये काय? का सायब टाळून राहिले?"

मी गंमत म्हणून बोललो, "सायबांचा पासवर्ड नेमका यादीच्याच दिवशी हरवते."

ते दोघं हसले नाहीत. साहेबांकडे पाहायचं मात्र त्यांनी बंद केलं. साहेब एवढंच म्हणाले, "सात गावं फिरून राहिलो भाऊ. डोक्यात काही राहत नाही."

रफिकभाईनं हातातला चहा ठेवला. त्यानं स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि आमच्या मशीनला जोडली. कुलूप मशीनला होतं, डिस्कला नाही; पंधरा मिनिटांत यादी निघाली. प्रत्येक वावराचा फोटो, वावरात उभा असलेला माणूस, खाली नाव. दोघांचीही नावं होती. मेल गेला, यादीचा प्रिंटही निघाला.

वयस्कर माणसानं कागदावरून बोट फिरवलं, मग विचारलं, "सायब, तुमचं वावर?"

"ते माह्या गावात हाये. तिथले सायब वेगळे."

"आले काय थे?"

"यायचे हायेत अजून. आता तिथं गारपिटीचं काही दिसत बी नसन."



म्हातारा खुर्चीवरून उठला. "बसा सायब," म्हणाला.