नुसतं ‘गेले’

आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड लागलं ते गिरगाव सोडून उपनगरातल्या इंद्रलोक वसाहतीत राहायला आल्यावर. इमारतींची रांग संपली की मिठागरं, आणि हिवाळाभर तिथे लांबून आलेली बदकं. मी तेव्हा पन्नाशीतली, स्वतःला फार शहाणी समजणारी बाई. एका सकाळी हे बाल्कनीतून ओरडले, "अगं धावत ये, धोबी आलाय, धोबी!" मी चादरी, अभ्रे, ह्यांची पँट असं गाठोडं बांधून धावले. कठड्यावर एक चिमुकला पक्षी शेपटी हलवत बसला होता. त्याचंच नाव धोबी. गाठोडं बघून तो उडाला आणि हे हसत हसत खालीच बसले. रागाने मी आठवडाभर ह्यांचे कपडे इस्त्रीला दिले नाहीत. अशी ती शहाणी.

पक्षी बघणारे तिघंच. हे, खाडीकडे फिरणारे मेडिकलवाले गुजराती भाई, आणि काशीगावच्या शाळेतल्या एक बाई. ज्याचं त्याचं पाणी ठरलेलं, आमचं मिठागराचं. मोबाइल नवे होते, एकेका अक्षरासाठी बटण चारदा दाबायचं. म्हणून मेसेजचे तीनच शब्द ठरले होते. थंडीच्या तोंडाला ‘आले’, मग रोज सकाळी ‘आहेत’, आणि होळीनंतर ऊन तापून पक्षी उत्तरेला निघाले की ‘गेले’. मेसेज कोणाचा ते बघायचं, म्हणजे कुठलं पाणी रिकामं झालं ते कळायचं. "एवढंच?" मी टोमणा मारायची. "तारेत तरी ‘प्रकृती बरी’ असं लिहायचे."

मग एका वर्षी ह्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि बेडरूमच्या खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांखेरीज काही दिसत नव्हतं. शेवटी दुर्बीण माझ्या गळ्यात आली. मला फक्त थापट्या ओळखता यायचा, कारण त्या बदकाची चोच आमच्या कालथ्यासारखी. रोज सकाळी जायचे, कालथे शोधायचे, परत यायचे.

"आहेत?" मी दारातून आत येते न येते तोच हे विचारायचे.

"आहेत. ढेकर देतायत."

मग हे उशीखालचा फोन काढून दोघांना ‘आहेत’ पाठवायचे. हळूहळू बोटं थरथरायला लागली, तेव्हा पाठवायचं कामही माझ्याकडे आलं.

"हे बघ," एकदा म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस. गेले की गेले म्हणून सांग. त्यांना निरोप दिल्याशिवाय माझं वर्ष संपत नाही."

"म्हणजे तुमचापण त्यांच्याबरोबर निघायचा बेत आहे वाटतं?"

"त्यांना व्हिसा लागत नाही गं."

मी हसले. पण त्यानंतर मिठागराकडे जाताना मी वाटेतूनच पाणी न्याहाळायचे. पाण्यावर कालथा दिसला की आधी जीव भांड्यात पडायचा, मग दुर्बीण डोळ्यांना.

पाडवा झाला. बदकं होती. आणि एका पहाटे, मी चप्पल घालायच्या आधीच, ह्यांचा श्वास थांबला. माझा हात त्यांच्या हातात होता. शेजाऱ्यांनी पुण्याला मुलाला फोन केला, नातेवाईक जमायला लागले. मी पलंगाशी बसून होते. तेवढ्यात उशीखाली फोन दोनदा वाजला. भाईंचा मेसेज, ‘आहेत’. बाईंचा, ‘आहेत’. आता आमचा जायला हवा होता. मला तीनच शब्द टाइप करता येत होते. त्यातला एक मी पाठवला.

लगेच भाईंचं उत्तर, ‘अरे, इतनी जल्दी?’ मग बाईंचं, ‘वा! कुठल्या दिशेने गेले? तुम्ही स्वतः पाहिलंत?’

हो, बाई. स्वतः पाहिलं. दिशा तेवढी कळली नाही.

थोड्या वेळाने जिन्यावरूनच भाईंचा आवाज आला, "भाभी, झूठ! मैं मिठागर देखके आया, सब वहीं बैठे हैं!" दुर्बीण गळ्यात, चेहराभर हसू. मग त्यांना दाराबाहेरचा चपलांचा ढीग दिसला, मागोमाग मी दिसले.

"भाभी... मैं समझा, पक्षी."

आणि मला हसू आलं. ह्यांना उठवून सांगावं असं वाटलं, अहो, तुमचा धोबी झाला, ह्या वेळी उलटा! जाऊबाईंना वाटलं मला वेड लागलं. त्यांनी मला जवळ ओढलं, तेव्हा कुठे रडू आलं. भाई गळ्यातली दुर्बीण काढून चपलांपाशी ठेवत होते.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मिठागरावर गेले. पाणी सपाट होतं. एकही कालथा नव्हता. बराच वेळ दुर्बीण इकडून तिकडे फिरवली, मग घरी आले. सवयीने दारातच थांबले. आतून कोणी काही विचारलं नाही.

मी पलंगाशी गेले. गादी गुंडाळून ठेवली होती. "गेले हो," मी सांगितलं.

मग फोन घेतला. नवा शब्द जमवायला फार वेळ लागला, दोनदा चुकला. पण त्या दिवसापासून आम्हा तिघांत तो कोणीच गाळत नाही. ‘पक्षी गेले.’